ऑपरेशन हृदयाचं, पहारा मेंदूवर

बायपासनंतर आयसीयूत नवऱ्याला पहिल्यांदाच बघायला आलेल्या एका काकूंनी मला हळूच विचारलं, "डॉक्टर, यांच्या कपाळाला काय लागलंय?" दोन्ही भुवयांच्या वर दोन लालसर चौकोनी वळ उमटले होते आणि काकू पदराच्या टोकाने ते पुसायला बघत होत्या. लागलं काहीच नव्हतं. ऑपरेशन चालू असताना मेंदूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या पट्ट्या तिथे पाच तास चिकटवलेल्या होत्या, त्यांच्या त्या खुणा. मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पण ऑपरेशन तर हार्टचं होतं ना?"

हृदयाच्या ऑपरेशनसाठी भूल देणं हे माझं काम. आदल्या दिवशी नातेवाईक भेटतात तेव्हा ब्लॉकेज किती, ग्राफ्ट (म्हणजे ब्लॉकेज टाळून रक्त नेणाऱ्या नव्या वाटा) किती, घरी कधी सोडणार, हे सगळं विचारतात. मेंदूबद्दल क्वचितच कोणी विचारतं. मग तिसऱ्या दिवशी बाबा भलतंसलतं बोलायला लागले की सगळं घर हादरतं. म्हणून काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे जरा सविस्तर देते.

## टाकी नसलेलं घर

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण नुसते पडून असलो तरी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण २० टक्के एकटा मेंदू घेतो. दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याच्याकडे जातं.

साठवण मात्र त्याच्याकडे नाही. गच्चीवर टाकी असलेल्या घरात पालिकेचं पाणी गेलं तरी संध्याकाळपर्यंत निभतं. मेंदू हे टाकी नसलेलं घर आहे, नळाला येईल तेवढंच पाणी. रक्त पूर्ण थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते आणि शरीर नेहमीच्या तापमानाला असेल तर चार-पाच मिनिटांत पेशी कायमच्या मरायला लागतात. हृदयाचं ऑपरेशन म्हणजे या घराला पाणी चढवणाऱ्या मुख्य पंपाचीच दुरुस्ती.

निसर्गाने एक सोय ठेवली आहे. रक्तदाब थोडा वर-खाली झाला तरी मेंदू आपल्या रक्तवाहिन्या रुंद किंवा अरुंद करून प्रवाह सारखा राखतो. दाब फारच उतरला की ही सोय संपते. ती कुठे संपते हे माणसागणिक वेगळं असतं. पंधरा वर्षं बीपी वाढलेलं असलेल्या माणसाच्या मेंदूला चढ्या दाबाची सवय झालेली असते. तरण्या माणसाला पुरतो तो दाब त्याला अपुरा पडू शकतो.

## पंपावर असताना

६ मे १९५३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या एका तरुणीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. २६ मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम एका यंत्राने केलं. तेच हार्ट-लंग मशीन; आम्ही सगळे त्याला नुसतं 'पंप' म्हणतो. शरीरातलं अशुद्ध रक्त नळीने यंत्रात येतं, तिथे त्यात ऑक्सिजन मिसळला जातो, कार्बन डायऑक्साइड काढला जातो आणि ते महाधमनीत परत सोडलं जातं. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी. पंप चालवणाऱ्या तज्ज्ञाला परफ्युजनिस्ट म्हणतात. रुग्णाच्या नातेवाइकांना हा माणूस कधी दिसत नाही, पण त्या दीड-दोन तासांत रुग्णाचा प्रत्येक श्वास आणि प्रत्येक ठोका अक्षरशः त्याच्या हातात असतो.

मेंदूला धोका मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक, रक्त कमी पडणं. दुसरी वाट जास्त फसवी: रक्त भरपूर जातंय, पण त्याच्याबरोबर नको ते काही वाहत जातंय.

बोअरच्या जड पाण्याने बादलीला आतून पांढरा थर चढतो, तो आठवा. वय, मधुमेह, तंबाखू यांनी महाधमनीच्या आतही चरबी आणि कॅल्शियमचा असाच थर बसतो. पंपाची नळी घालायला महाधमनीला भोक पाडावं लागतं. हृदय थांबवायचं तर तिच्यावर क्लॅम्प म्हणजे चिमटा लावावा लागतो. त्या वेळी थराचा एखादा कण सुटला, तर महाधमनीतून वर निघणाऱ्या पहिल्या फांद्या मेंदूकडेच जातात. काहींची महाधमनी इतकी कडक झालेली असते की तिला चिनीमातीची महाधमनी असंच नाव आहे.

शिवाय हवेचे बुडबुडे. झडप बदलताना हृदय उघडावं लागतं आणि उघडलेल्या पोकळीत हवा शिरतेच.

बायपासमध्ये उघड पक्षाघात, म्हणजे ज्याला आपण लकवा म्हणतो तो, शंभरात साधारण एक-दोन जणांना होतो. झडप आणि बायपास एकत्र असेल तर प्रमाण वाढतं, महाधमनीच्या कमानीच्या, म्हणजे तिच्या वरच्या वळणाच्या, ऑपरेशनमध्ये आणखी वाढतं. लकवा नसतानाही ऑपरेशननंतर एमआरआय केला तर बऱ्याच जणांच्या मेंदूत नवे बारीक ठिपके सापडतात. त्यांना लक्षणं नसतात, पण ठिपके खरे असतात.

## कपाळावरच्या पट्ट्या काय सांगतात

अंधारात टॉर्चवर तळहात ठेवला की हात लालबुंद दिसतो. उजेडातला लाल भाग मांसातून आरपार येतो, बाकीचे रंग आतच अडकतात. लाल रंगाच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश त्याहून खोल जातो, कवटीतूनही. १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी दाखवून दिलं की या प्रकाशाने मेंदूतला ऑक्सिजन बाहेरूनच मोजता येतो. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, एवढंच त्यामागचं तत्त्व. कपाळावरच्या पट्टीतून प्रकाश आत जातो, परतून येतो तो मोजला जातो आणि पडद्यावर दोन आकडे दिसतात, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या.

बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरपेक्षा हे वेगळं आहे, आणि कोरोनाच्या काळात ऑक्सिमीटर घराघरांत पोचल्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो. बोटावरचं यंत्र शुद्ध रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतं, म्हणून ते ९८ दाखवतं. शिवाय त्याला नाडी लागते; पंपावर असताना पुष्कळदा नाडीच नसते. कपाळावरच्या पट्टीला नाडीची गरज नाही. ती बघते त्या रक्तातला मोठा हिस्सा मेंदूतून परत निघालेल्या रक्ताचा असतो, म्हणजे मेंदूने वापरून उरलं किती, हे ती सांगते. तिथे ६०-७० आकडा असला तरी काळजीचं कारण नाही. आम्ही भूल देण्याआधी प्रत्येकाचा स्वतःचा आकडा लिहून ठेवतो आणि तो पाचव्या हिश्शाने उतरला की कामाला लागतो.

एक प्रसंग सांगते. साठीच्या पुढचे गृहस्थ, झडप बदलायची होती. सुरुवातीचे आकडे ६६ आणि ६३. पंपावर गेल्यावर वीसेक मिनिटांत दोन्ही घसरत ५१ आणि ५० वर आले. अशा वेळी ठरलेल्या क्रमाने शोधायचं असतं. आधी मान बघितली. डोकं वळलेलं असेल तर गळ्यातल्या शिरेतून रक्त उतरत नाही. मान सरळ होती. नळ्या जागेवर होत्या. सरासरी रक्तदाब ६५, पंपावर तेवढा ठीक. हिमोग्लोबिन पंपातल्या द्रवाने पातळ झालं होतं, पण मर्यादेत. मग रक्ताचा रिपोर्ट हातात आला: कार्बन डायऑक्साइड २९. हवा तो ४०च्या जवळ. परफ्युजनिस्ट म्हणाला, "स्वीप कमी करतो," आणि यंत्रातल्या वायूचा झोत त्याने मंद केला. चार-पाच मिनिटांत आकडे ६० च्या वर गेले. सर्जनने टाक्यावरून नजरही उचलली नव्हती.

कार्बन डायऑक्साइडला आपण टाकाऊ समजतो, पण मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवण्याचं काम तोच करतो. यंत्राने तो जास्त धुऊन काढला की त्या आक्रसतात आणि रक्त असूनही पोचत नाही. हाच वायू बुडबुड्यांवरही कामाला येतो. झडपेच्या ऑपरेशनमध्ये उघड्या छातीत तो बारीक नळीने सोडत राहतात. हवेपेक्षा जड असल्याने तो हवेला बाहेर ढकलतो, आणि त्याचे बुडबुडे झालेच तर रक्तात चटकन विरघळतात.

पट्ट्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्या फक्त कपाळामागचा, वरवरचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग बघतात. मागच्या बाजूला एखादी गुठळी जाऊन अडकली तर त्यांना पत्ता लागत नाही.

म्हणून आणखी पहारे असतात. डोक्यावरून मेंदूच्या विजेच्या लहरी टिपणारा ईईजी भुलेची खोली सांगतो आणि मेंदू एकदम गप्प झाला तर तेही दाखवतो. कानशिलावर ठेवायचा डॉप्लर आतल्या रक्ताचा वेग मोजतो, आणि एखादा कण किंवा बुडबुडा गेला की चिवचिवल्यासारखा आवाज येतो. मात्र काहींच्या कानशिलाचं हाड जाड असल्याने त्यांच्यात तो चालतच नाही, आणि हाताळायला सरावाचा माणूस लागतो. त्यामुळे सगळीकडे तो दिसणार नाही. मला स्वतःला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते एक साधं काम: नळी घालण्याआधी सर्जनने महाधमनीवरच सोनोग्राफीचा प्रोब ठेवून थर कुठे आहे ते बघणं. बोटाने चाचपून मऊ थर कळत नाही. जागा बदलली की कण सुटायचा धोका कमी होतो.

## थंड केलेला मेंदू

१९५० च्या सुमाराला टोरांटोत विल्फ्रेड बिगेलो यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की शरीर थंड केलं तर त्याची ऑक्सिजनची भूक कमी होते. हिवाळाभर निपचित पडून राहणाऱ्या प्राण्यांचाही त्यांनी अभ्यास केला होता. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीला थंड करून, रक्तप्रवाह साडेपाच मिनिटं रोखून, तिच्या हृदयातलं छिद्र शिवलं. पंपाच्या यशाआधीची ही गोष्ट.

हिशेब असा: तापमान एक अंशाने उतरलं की मेंदूची गरज सहा-सात टक्क्यांनी उतरते. ३७ अंशांना मेंदू रक्ताशिवाय पाच मिनिटं काढू शकत असेल तर २० अंशांना साधारण वीस. भाजी फ्रिजमध्ये टिकते तसंच आहे, आणि फ्रिजमध्येही ती कायम टिकत नाही.

नेहमीच्या बायपासला एवढं गार करत नाहीत. ही विद्या लागते ती महाधमनीच्या कमानीला. महाधमनी हृदयातून वर येते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि खाली उतरते. मेंदूकडे जाणाऱ्या फांद्या त्या वळणावरच असतात. तो भाग फुगला किंवा आतून फाटला तर तो कापून कृत्रिम नळी जोडावी लागते, आणि तेवढा वेळ तिथून रक्त वाहून चालत नाही. पूर्वी शरीर १८ अंशांपर्यंत गार करून, डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवून, पंप चक्क बंद करत. आजही कधीकधी करतात. त्या वेळी थिएटरमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही. एक जण घड्याळाकडे बघून मिनिटं सांगत राहतो.

आता बहुतेक ठिकाणी इतकं गार करत नाहीत आणि मेंदूला वेगळी वाट काढून देतात. उजव्या खांद्याजवळच्या धमनीतून रक्त उलट वर चढवायचं, तिथून ते उजव्या मानेच्या धमनीने मेंदूत जातं. वजनाच्या दर किलोला मिनिटाला १० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ६०० मिलिलिटर. पण हे तर एकाच बाजूचं झालं. डाव्या बाजूचं काय?

मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं वर्तुळ. एका बाजूचं रक्त या कड्यातून दुसरीकडे जाऊ शकतं. अडचण ही की पुष्कळ माणसांत हे कडं पूर्ण नसतं. एखादा दुवा बारीक असतो किंवा नसतोच. आपलं कसं आहे ते आयुष्यभर कळत नाही, कारण एरवी त्याची गरज पडत नाही. अशा वेळी कपाळावरच्या पट्ट्या सोन्यासारख्या उपयोगी पडतात. उजवा आकडा ६५ वर स्थिर आणि डावा ४५ कडे उतरतोय, म्हणजे कडं तुटलेलं. सर्जन लगेच डाव्या धमनीतही नळी घालतो.

परत गरम करताना घाई केली की मिळवलेलं जातं. थंडीतून उठलेल्या मेंदूला ताप सोसत नाही. म्हणून पंपातून जाणारं रक्त ३७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. आम्ही अर्धा-पाऊण तास 'नुसतं गरम करत' बसतो आणि बाहेर नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो. तो उशीर मेंदूसाठी असतो.

## "मग पंपाशिवाय का नाही करत?"

धडधडत्या हृदयावर, पंप न लावता बायपास करता येतो आणि आपल्याकडे अशा बायपासचं प्रमाण मोठं आहे. मग मेंदूचा प्रश्नच मिटला, असं वाटणं साहजिक आहे. १९ देशांतल्या ४,७५२ रुग्णांवर ही तुलना झाली; त्यात भारतातले रुग्णही होते. २०१२ मध्ये पहिले निष्कर्ष आले. लकव्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. पंप टाळला तरी ग्राफ्टचं वरचं टोक शिवायला महाधमनीला चिमटा लावला, तर कण सुटायचा धोका राहतोच. महाधमनीला हातच न लावता ग्राफ्ट जोडण्याची पद्धत आहे, आणि थर जास्त असलेल्या माणसात तिचा फायदा होतो असं माझंही मत आहे. पण ते हात बसलेल्या सर्जनचं काम आहे. झडप आणि कमान यांच्या ऑपरेशनला तर पंपावाचून गत्यंतर नाही.

## "एवढ्या यंत्रांनी खरंच फरक पडतो का?"

हा प्रश्न डॉक्टरही एकमेकांना विचारतात. पट्ट्या लावल्याने लकवा निश्चित कमी होतो, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. आकडा उतरल्याचं त्या सांगतात, पण कारण शोधून ते दुरुस्त करणारी माणसं हजर नसतील तर आकड्याचा उपयोग नाही. बहुतेक कण एका क्षणात जातात. तिथे पट्टी काय करणार?

रक्तदाब चढा ठेवला की मेंदू सुरक्षित, हाही समज कोपनहेगनमधल्या एका अभ्यासात टिकला नाही. पंपावर काहींचा सरासरी दाब ४०-५० ठेवला, काहींचा ७०-८०. नंतर एमआरआय केला तर दोन्ही गटांत निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांच्या मेंदूत नवे ठिपके होते. स्टिरॉइडने मेंदू वाचेल अशी आशा होती. ७ हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत तीही फळली नाही. म्हणजे आज मेंदूसाठी एकही हमखास औषध आमच्याकडे नाही. आहेत त्या दहा-बारा लहान गोष्टी, आणि त्यातली प्रत्येक वेळच्या वेळी करावी लागते. कोणी 'आमच्याकडे मेंदूचं खास पॅकेज आहे' असं सांगितलं तर त्यात नेमकं काय आहे ते विचारा.

## बाबा असं का बोलतायत?

एसटीतून निवृत्त झालेले एक आजोबा. बायपास उत्तम झाला, दुसऱ्या दिवशी ट्यूब निघाली, चहा प्यायले. त्या रात्री दोन वाजता ते पलंगावर उठून बसले आणि सलाइनची नळी ओढत ओरडायला लागले, "गाडी फलाटाला लावा, माणसं खोळंबलीत." सकाळी मुलगा आला तर त्याला ओळखेनात. बाहेरच्या बाकावर आजी रडत होत्या, "वात झालाय हो यांना, आता हे घरी कसे येणार?"

आजींचा शब्द बरोबर होता. आपल्या भाषेत ज्याला वातात बडबडणं म्हणतात, त्यालाच डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हृदयाच्या ऑपरेशननंतर उतारवयातल्या माणसांत तो सर्रास दिसतो. याला वेड म्हणत नाहीत आणि तो लकवाही नव्हे. बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. काही जण उलट अगदी गप्प, झोपाळू होतात. तोही वातच, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, शांत पडलेत. त्यामुळे तो लक्षातच येत नाही.

आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, कानातल्या मशीनशिवाय ऐकू येत नव्हतं. दोन्ही वस्तू खाली वेटिंग रूममध्ये आजींच्या पिशवीत, रुमालात नीट गुंडाळून ठेवलेल्या. आयसीयूत रात्रंदिवस दिवे, यंत्रांचे आवाज, झोप नाही, वरून वेदना. अशा माणसाला आपण कुठे आहोत हे कळावं तरी कसं? चष्मा चढवला, मशीन लावलं, पलंग खिडकीजवळ घेतला, आजींना जवळ बसवलं. सगळं एका दिवसात सुधारलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आज वार कोणता?" तेव्हा माझ्याही जिवात जीव आला.

दूरची भीती वेगळी असते: पंपाने बुद्धी मंदावते का? २००१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २६१ रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे निष्कर्ष छापले आणि खळबळ उडाली: घरी जाताना ५३ टक्के रुग्णांत, सहा महिन्यांनी २४ टक्के रुग्णांत आणि पाच वर्षांनी ४२ टक्के रुग्णांत घसरण. पण त्यात ऑपरेशन न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना नव्हती. जॉन्स हॉपकिन्समध्ये ती केली तेव्हा काही वर्षांनंतरची घसरण दोन्हीकडे सारखीच निघाली. दोष मुख्यतः वयाकडे आणि रक्तवाहिन्यांच्या मूळ आजाराकडे जातो. सुरुवातीचे काही आठवडे हिशेब चुकणं, नाव न आठवणं, पेपर वाचताना लक्ष न लागणं मात्र खरं आहे. ते घरच्यांनी समजून घ्यावं आणि टोमणे मारू नयेत.

## तुमच्या हातात काय आहे

भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटायला येतात तेव्हा पूर्वी कधी तोंड वाकडं झालं होतं का, हात थोडा वेळ लुळा पडला होता का, हे जरूर सांगा. 'पाच मिनिटांत बरं झालं' म्हणून सोडून देऊ नका. गरज असेल तर मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी करता येते. रोज दारू घेत असतील, झोपेची गोळी चालू असेल, तंबाखू किंवा मिश्री असेल तर तेही लपवू नका. या गोष्टी एकदम तुटल्या की माणूस सैरभैर होतो. आधीपासून विसरभोळेपणा असेल तर तोही सांगा.

ऑपरेशननंतर लकव्याचा धोका थिएटरच्या दारात संपत नाही. बऱ्याच जणांना तो नीट जागे झाल्यानंतरच्या दिवसांत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित होणं नेहमीचं असतं, आणि अशा ठोक्यांत हृदयात गुठळी धरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. घरी आल्यावर तोंड वाकडं दिसलं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट न बघता थेट मेंदूचा सीटी स्कॅन होईल अशा दवाखान्यात न्या. नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालंय हे दारातच सांगा, कारण त्यावर उपचार बदलतात.

आणि ऑपरेशनच्या दिवशी चष्मा, कानातलं मशीन, कवळी हे सगळं एका डब्यात घाला, वर रुग्णाचं नाव लिहा आणि तो डबा घरी न नेता आयसीयूच्या सिस्टरच्या हातात द्या.